पत्रकारितेचे प्रकार कोणते, आणि माध्यमांचा समाजावर खरंच काही परिणाम होतो का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. तुम्ही कोपरखैरण्याला राहता, मास मीडियाच्या पहिल्या वर्षाला आहात आणि प्रोजेक्टसाठी पत्रकारितेचे प्रकार हवे आहेत, हा पहिला. ‘प्रभाव पडतो’ असं सगळी पुस्तकं म्हणतात, पण पडतो म्हणजे नेमकं काय होतं, हा दुसरा. आणि वडील म्हणतात की हल्ली पेपर वाचतं कोण, कशाला या लायनीत जायचं, हा तिसरा. खरा प्रश्न दुसराच आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. एका मराठी दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानांवर उपसंपादक होतो, आता निवृत्त आहे. उपसंपादकाचं नाव छापून येत नाही. दुसऱ्याच्या नावाखालचा मजकूर कापायचा, जोडायचा, इंट्रो (बातमीच्या पहिल्या दोन-तीन ओळी) बदलायचा आणि मथळा द्यायचा, हे त्याचं काम. त्यामुळे पुढचं सगळं डेस्कच्या, म्हणजे बातम्या तपासून पानात लावणाऱ्या टेबलाच्या, खुर्चीतून दिसलेलं आहे. बातमीदाराला विचाराल तर तो वेगळं सांगेल, आणि डेस्कला दोन शिव्याही घालेल.

यादी आधी उरकू. रोजची बातमी, तिचा पाठपुरावा, विशेष वृत्त, शोधपत्रकारिता, वृत्तलेख (सगळे फीचरच म्हणतात), मुलाखत, वार्तापत्र, अग्रलेख आणि त्याखालचं स्फुट (छोटं संपादकीय टिपण), सदर, परीक्षण, व्यंगचित्र, वृत्तछायाचित्र, बाजारभाव, वाचकांची पत्रं. टीव्हीने त्यात थेट प्रक्षेपण आणि रात्रीची चर्चा आणली. मोबाइलने छोटे व्हिडिओ, पॉडकास्ट आणि आकडेवारीतून बातमी काढणारी डेटा पत्रकारिता आणली. विषयानुसार वाटणी केली की ती बीट होते: क्राइम, महापालिका, मंत्रालय, कोर्ट, शिक्षण, क्रीडा. इतिहासाचा एक परिच्छेद हवाच असतो, तर ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, तोच दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. आणि ठाण्याचे आहोत म्हणून सांगतो, इथून ‘अरुणोदय’ निघायला लागलं ते १८६६ साली. पुण्यात ‘केसरी’ निघायला अजून पंधरा वर्षं होती. ठाणेकर ही गोष्ट पुरेशी मिरवत नाहीत.

एवढ्यावर मार्क मिळतील. पण प्रकार पाठ करून प्रभाव कळत नाही, कारण प्रत्येक प्रकार वेगळ्या माणसाला हलवतो. महापालिकेच्या बातमीने उपअभियंता हलतो, आणि तोही फक्त त्याच्या वॉर्डाचं नाव आलं असेल तरच. अग्रलेखाने तो हलत नाही, अग्रलेख वाचतो तो त्याचा वरिष्ठ, तेही टीका दुसऱ्या खात्यावर असेल तर आवडीने. वाचकांच्या पत्रामुळे बऱ्याचदा फक्त ते पत्र लिहिणारा खूश होतो, पण त्यातूनच एखादा बातमीदार विषय उचलतो.

‘माध्यमं लोकांची मतं बदलतात’ हे वाक्य प्रोजेक्टमध्ये शक्यतो लिहू नका. माणसाचं मत पेपर वाचून बदलताना मी फार कमी पाहिलं. ज्याला जो पक्ष आवडतो तो त्या पक्षाचीच बातमी शोधून वाचतो. बदलतं ते वेगळंच: लोक कशाबद्दल बोलतात ते. अमेरिकेत मॅककॉम्ब्स आणि शॉ या दोघा अभ्यासकांनी १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल गावात कुणाला मत द्यायचं हे न ठरवलेल्या शंभर मतदारांना विचारलं, की तुम्हाला देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कुठले वाटतात. मग त्या भागात पोचणाऱ्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर कुठल्या प्रश्नांना किती जागा मिळाली ते मोजलं. दोन्ही याद्या बऱ्याचशा जुळल्या. १९७२ साली हा अभ्यास छापून आला, आणि पुस्तकांत जो ‘अजेंडा सेटिंग’चा धडा असतो तो हा. काय मत बनवायचं हे माध्यमं फारसं ठरवू शकत नाहीत, मत कशावर बनवायचं हे मात्र बरंच ठरवतात.

आता एक प्रकार जवळून दाखवतो. तुमच्या घराजवळचाच आहे. कोपरखैरण्याच्या पुढचं स्टेशन तुर्भे, आणि तिथे बाजार समितीचं कांदा-बटाटा मार्केट.

बाजारभाव ही पेपरातली सगळ्यात बिनमानाची बातमी. नवा पोरगा रुजू झाला की त्याच्या गळ्यात पाऊस आणि बाजारभाव मारतात. तो सकाळी दोन-तीन ओळखीच्या व्यापाऱ्यांना फोन लावतो. आज गाड्या किती आल्या? माल कुठला, उन्हाळ की नवा लाल? भाव काय निघाला? समोरून एक आकडा कधीच येत नाही. गोल्टीला (बारीक कांद्याला) अमुक, मध्यमला तमुक, चांगल्या गोळ्या मालाला त्याहून चार रुपये जास्त, आणि भिजलेल्याला तर कुणी विचारतच नाही. हे झाले घाऊक भाव. मग पोरगा ऑफिसला येताना जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्याला किरकोळ भाव विचारतो. घोडबंदरला किंवा वाशीच्या सोसायट्यांत हातगाडीवर तोच कांदा आणखी महाग असतो, तो आकडाही तो मैत्रिणीच्या आईला विचारून घेतो.

संध्याकाळी डेस्कवर कॉपी, म्हणजे त्याने लिहिलेली बातमी, येते तेव्हा तिच्यात पाच-सहा आकडे असतात. मथळ्यात बसतो एकच. तो सगळ्यात मोठा असतो, आणि किरकोळ बाजारातला असतो, कारण वाचक कांदा क्विंटलने घेत नाही. ‘आवक घटली, दर वधारले’ हे शब्द खिळ्यांच्या जुळणीच्या काळापासून तयारच आहेत, आणि ‘कांद्याने आणलं डोळ्यांत पाणी’ हे तर कुणी लिहीत नाही, ते आपोआप उमटतं. शेजारी पिशवी घेतलेल्या बाईचा भाजीवाल्यासमोरचा फोटो.

यात खोटं एक अक्षर नाही. आकडे खरे, फोटो खरा. पण भाव चढला की ही बातमी पहिल्या पानावर जाते आणि भाव कोसळला की ठाणे-मुंबईच्या आवृत्तीत आतल्या पानावर चार ओळींत उरकते. त्याच दिवशी नाशिकच्या आवृत्तीत रस्त्यावर ओतलेल्या कांद्याचा फोटो वर असतो. तो फोटो कसारा घाट उतरून सहसा खाली येत नाही. मग ठाण्यातल्या वाचकाच्या डोक्यात वर्षानुवर्षं काय साठतं? कांदा म्हणजे महाग होणारी वस्तू. शेतकऱ्याच्या साठवणुकीच्या कांदाचाळीत सडणारा, वाहतुकीचा खर्च न निघणारा कांदाही असतो, हे त्याला माहीत असतं, पण त्याच्या बोलण्यात येत नाही.

आणि बोलण्यात काय येतं याला किंमत आहे. १९९८ साली दिल्ली राज्यातली सत्ता कांद्याने घालवली अशी आठवण राजकारण्यांच्या मनात कायमची बसली आहे. शहरात कांदा गाजायला लागला की केंद्र सरकार अस्वस्थ होतं. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. ही बंदी बातम्यांमुळे आली असं मी म्हणणार नाही. त्यात पाऊस होता, साठा होता, तोंडावर आलेली लोकसभा होती. पण शहरातल्या ग्राहकाचा त्रास रोज मोजला जात होता आणि शेतकऱ्याचा आंदोलन झालं तेव्हाच, एवढं नक्की. नव्या पोराच्या गळ्यात मारलेली बातमी, ना अग्रलेख ना शोधवृत्त, पण तिचा सांगाडा वर्षानुवर्षं तोच राहिला की ती असं काम करते. माझ्या मते माध्यमांचा खरा प्रभाव इथे आहे, रात्री नऊच्या आरडाओरड्यात नाही. त्या चर्चांनी घरातल्या माणसांचा रक्तदाब बदलतो, बाकी विशेष काही नाही.

शोधपत्रकारितेचा प्रभाव दिसतो लगेच आणि म्हणून पुस्तकांत तीच जास्त असते. १९८१ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरींनी तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटच्या वाटपाचा संबंध छापला, जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं. हे उदाहरण सगळे देतात. मला त्याच सुमाराचं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी ते सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८३ मध्ये निर्देश दिले: महिला संशयितांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला कॉन्स्टेबल, चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच. इथे कुणाची खुर्ची गेली नाही, म्हणून हे फारसं कुणाला आठवत नाही.

माध्यमाने शहर वसवल्याचं उदाहरण हवं असेल तर तुम्ही त्यातच राहता. १९६५ साली ‘मार्ग’ या इंग्रजी नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी अशी सविस्तर मांडणी केली. मुल्कराज आनंद संपादक होते. पाच वर्षांत, १७ मार्च १९७० ला, सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था स्थापन झाली. मासिकातला लेख आणि साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं शहर, यापेक्षा मोठा प्रभाव कुठे शोधणार? पण ज्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या, तिथल्या किती आगरी-कोळी घरांत तो अंक पोचला असेल याचा अंदाज करा. त्यांचा प्रश्न मोठ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर ठळकपणे आला तो जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या आंदोलनावर जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच जण गेले तेव्हा. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना याच लढ्यातून आली. एका बाजूला विचार करून लिहिलेला लेख, दुसऱ्या बाजूला माणसं मेल्यावर आलेली बातमी. प्रकारांचा अभ्यास करताना हे बघा, की कुणाला कुठला प्रकार वाट्याला येतो.

क्राइमबद्दल थोडंच. आमच्या शेजारच्या काकू तलावपाळीला फिरायला निघताना मंगळसूत्र काढून ठेवतात. त्यांच्या ओळखीत कुणाचं खेचलेलं नाही, पण शहराच्या पानावर सोनसाखळी चोरीची बातमी त्या रोज वाचतात, आणि टीव्हीवर तेच सीसीटीव्हीचं दृश्य दहा वेळा बघतात. अमेरिकेतले माध्यम-अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी टीव्हीबद्दल हेच मांडलं, की जास्त बघणाऱ्याला जग आहे त्याहून धोकादायक वाटायला लागतं. ‘आज अमुक रस्त्यावर काहीही घडलं नाही’ अशी बातमी कुणी देत नाही, त्याला इलाज नाही.

थेट प्रक्षेपणाचं उदाहरण आपल्याच शेजारचं, २६ नोव्हेंबर २००८ चं. कमांडो कुठे उतरताहेत ते वाहिन्या दाखवत होत्या आणि हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणारेही तेच बघत होते. २०१२ साली कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ पासून केबल टीव्हीच्या नियमांतच आलं की दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी सांगेल तेवढंच. आणि जिथे डेस्कच नसतं तिथे काय होतं ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला दिसलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते, त्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. डेस्क चुका करतंच, पण ‘पोलिसांना विचारलंस का?’ असं विचारणारा एक कंटाळलेला माणूस तरी तिथे बसलेला असतो.

तुमच्या यादीत नसलेला एक प्रकार सांगतो, कारण ठाण्यात तो भरपूर पिकतो: बातमीचा सदरा घातलेली जाहिरात. निवडणुकीतल्या पेड न्यूजबद्दल, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांबद्दल, तुम्हाला शिकवतील. २००९ च्या निवडणुकांनंतर तो विषय गाजला, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर मोठा अहवाल दिला, आणि आता निवडणुकीच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समिती बसते. पण बांधकामाचं काय? ठाण्याच्या पानांचं पोट बिल्डरांच्या जाहिरातींवर चालतं, हे उघड गुपित आहे. एकाच दिवशीच्या अंकात तिसऱ्या पानावर घोडबंदरच्या सोसायट्यांना टँकर मागवावे लागतात ही बातमी, आणि मालमत्ता पुरवणीत त्याच पट्ट्याचं ‘निसर्गाच्या कुशीत’ असं कौतुक. पुरवणीतला मजकूर कुणी लिहिला हे ओळखायचं असेल तर बायलाइन, म्हणजे मजकुरावरचं लिहिणाऱ्याचं नाव, बघा. नाव नाही, ‘प्रतिनिधी’ही नाही, तोच मजकूर दुसऱ्या पेपरातही आहे, तर समजून जा. आणि मजकुराच्या शेवटी महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक असेल तर शंकाच नको. तो क्रमांक देण्याचं बंधन गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवर असतं, बातमीवर नाही.

याउलट, ज्या बातमीकडे कुणी बघत नाही तीही लक्षात घ्या. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची. डेस्कवर तिला ‘रुटीन’ म्हणतात. मागच्या वर्षीची कॉपी काढा, आकडे बदला, झालं. पण ज्याच्या इमारतीचं नाव त्यात आहे त्याच्यासाठी त्या दिवशी पेपरात दुसरी बातमीच नसते. ४ एप्रिल २०१३ ला शीळला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. त्यानंतर काही महिने ठाण्यात सगळे अनधिकृत बांधकामांवर लिहीत होते, पालिकेतले अधिकारीही अटकेत गेले. मग विषय मागे पडला. पाठपुरावा हा प्रकार पुस्तकात दोन ओळींचा असतो, पेपरातही तेवढाच, कारण त्याला ना फोटो मिळतो ना मथळा.

वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आमच्या इमारतीत पूर्वी दारादारांत पेपर पडलेले दिसायचे, आता मोजक्याच घरांसमोर दिसतात. पण सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी काय येतं? कुणीतरी कापून काढलेल्या बातमीचा फोटो. लोकांनी पेपर घेणं बंद केलंय, पेपरात आलं म्हणजे खरं, हे म्हणणं बंद केलेलं नाही. फक्त त्या कात्रणावर तारीख नसते, म्हणून कधीतरीची पाणीकपात दर मे महिन्यात नव्याने फिरते आणि बायका बादल्या भरून ठेवतात. या लायनीत पगार बेताचा आणि सुट्टी अनिश्चित, हे मात्र वडिलांना खरं सांगा.

प्रोजेक्टसाठी माझं ऐकाल तर प्रकारांची व्याख्या देणारी वीस पानं करू नका. कांद्याचे भाव खूप चढले होते असा एक आठवडा आणि पडले होते असा एक, दोन्ही निवडा. चढलेल्या भावासाठी ऑक्टोबर २०२३ चा शेवट चालेल. त्या दोन आठवड्यांचे मुंबई-ठाण्याच्या आवृत्तीचे आणि नाशिकच्या आवृत्तीचे अंक घ्या, ई-पेपर मिळतील. नाही तर मोठ्या ग्रंथालयांत जुने अंक ठेवतात का ते विचारा, ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, सुरुवात तिथून करा. कुठल्या पानावर, किती कॉलम, मथळ्यात घाऊक भाव की किरकोळ, बोलणारा माणूस ग्राहक, व्यापारी की शेतकरी, एवढेच रकाने करा. आणि एकदा तुर्भ्याच्या मार्केटला स्वतः जाऊन भाव विचारा. सकाळी लवकर जा. उशिरा गेलात तर माल उठलेला असतो आणि व्यापारी बोलायच्या मनःस्थितीत नसतात.